बापाला सांगितलंय

कापडाच्या थप्पीवर उजवा हात पालथा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "बापा, हात तुझा, कात्री माझी." मग कापायला सुरुवात. चेन्नईत गिंडीतल्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात रोज सकाळी कटिंगच्या टेबलाशी हे चालायचं. तेवढ्या वेळात कटिंगच्या मास्तरांना कुणी हाक मारायची नाही. मॅनेजरसुद्धा देवळात आल्यासारखा गप्प उभा राहायचा. आता कात्री म्हणजे काही खरी कात्री नव्हती, विजेवर चालणारं उभ्या पात्याचं यंत्र होतं ते. पण मास्तर त्याला कात्रीच म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

मी चेकिंगला होते. तयार शर्ट उलटासुलटा करायचा, सुटे धागे कापायचे, बटणं ओढून बघायची. सगळा कारखाना मला अक्का म्हणायचा. मास्तर तेवढे ताई म्हणायचे, कारण अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारी माणसं आम्ही दोघंच. मी सोलापूरकडची, लग्न होऊन चेन्नईला आलेली. ते नगरकडचे ख्रिस्ती, कामाच्या शोधात आलेले आणि इथंच राहिलेले. अंबत्तूरला आमची घरंही एकाच गल्लीत. सकाळची बस एक, संध्याकाळची बस एक. म्हणजे बघा, नवऱ्याशी बोलले नसेन इतकं मी त्या माणसाशी बोलले.

त्यांच्या तोंडी देव हा शब्द नसायचा. बाप. लाइट गेली की आम्ही सगळ्याजणी पदरानं वारा घेत बसायचो आणि मास्तर म्हणायचे, "येईल. बापाला सांगितलंय." बस चुकली, "दुसरी येईल, बापाला सांगितलंय." सुरुवातीला मला काही कळेना. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमचे वडील गावीच असतात का?"

"गावी नाही ताई. सगळीकडं."

मला वाटलं, फिरतीची नोकरी असेल.

हे त्यांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, "देव म्हटलं की लांबचा वाटतो. बाप म्हटलं की भांडता येतं. हट्ट करता येतो. रुसता येतं."

मी म्हटलं, "आमच्यात देवाला आई म्हणतात."

"मग तुमचं बरं आहे. आई मारत नाही."

"कोण म्हणालं? माझी लाटण्यानं मारायची."

ते गंभीर झाले. "मारायची ना? म्हणजे माया होती."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्या वेळी हसून सोडून दिलं.

त्यांच्या सख्ख्या बापाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही भर गर्दीत, बसच्या दांड्याला लोंबकळत, बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तशी. आई गेल्यावर बापानं त्यांना मिशनच्या होस्टेलवर आणलं, पायरीवर बसवलं, आणि "भेळ घेऊन येतो" म्हणून गेला. पोरगं अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिलं. आत जेवायला बोलावलं तर जाईना, भेळीची भूक मोडेल म्हणून. शेवटी वॉर्डननं छडी घेऊन आत नेलं.

"मग आले का वडील?"

"नाही ना. मग मी दुसरा बाप धरला." बोट वर करून हसले. "हा जात नाही कुठं."

तुम्हीच विचार करा. बाप कसा असतो हे या माणसानं घरात कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी बाप ऐकला होता पुस्तकातून, वाचून दाखवलेला. आणि समोर पाहिला होता तो छडीवाला वॉर्डन. दोन्ही मिळून त्यांचा बाप तयार झालेला.

कटिंगच्या खोलीत तर त्यांचंच राज्य. तिथला त्यांचा एक रिवाज होता. कापडाचे थर अंथरताना कुणी चूक केली, कॉलर वाकडी कापली गेली, की ती फुकट गेलेली कॉलर चूक करणाऱ्याच्या गळ्यात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घालून हिंडायचं आणि सुट्टीची घंटा झाली की सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, काय चुकलं, कसं चुकलं. अर्धवट सांगितलं तर पुन्हा. ते झालं की मास्तर स्वतःच्या हातानं कॉलर काढायचे, त्याला शेजारी बसवायचे आणि आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्या पानात वाढायचे. मोठे मोठे मिशीवाले गडी, आधी डोळ्यांत पाणी, मग तोंडात मास्तरांच्या घरची मटणाची फोड.

"अहो, कशाला चारचौघांत?" मी म्हणायचे.

"शिवण उसवता येते ताई. काप उसवता येत नाही. लाज वाटली की हात शहाणा होतो."

"आणि हे जेवण?"

"ते बापाचं असतंच. पण आधी कबुली."

लोक त्यांना भ्यायचे आणि त्यांच्यावर जीवही टाकायचे. असं दोन्ही होतं, तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून त्यांना कधी वाटलंच नाही की यात काही वावगं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला, टू-व्हीलर दुरुस्तीच्या शेडवर, पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांचं चर्च होतं. मंडळी सगळी तमिळ. मास्तर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचे, आपल्या नगरी तमिळमध्ये. मी एकदोनदा वहिनींबरोबर, म्हणजे मास्तरांच्या बायकोबरोबर, गेले होते. त्यांची आवडती गोष्ट एकच. तुम्हाला माहीत असेल. एक मुलगा बापाचं घर सोडून जातो, उधळपट्टी करतो, उपाशी मरायला लागतो, आणि मनाशी एक वाक्य ठरवून परत येतो, की बापा, मी पाप केलं, मला आता नोकर म्हणून ठेव. आणि बाप? इथं मास्तर नेसलेली वेष्टी, म्हणजे तमिळ लोकांचं धोतर, गुडघ्यापर्यंत धरून हॉलभर धावायचे. "पोरगं अजून लांब आहे! आणि म्हातारा धावतोय! लाज नाही, वय नाही, धावतोय!" मुलं टाळ्या पिटायची. मग पुष्ट वासरू कापून जेवणावळ. मुलं विचारायची, "वासराची बिर्याणी?" मास्तर म्हणायचे, "बिर्याणीच. लेग पीस त्या पोराला."

त्या टाळ्या पिटणाऱ्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता. एकुलता एक. गोरटेला, लाजाळू, आवाज फार गोड. मोठा झाल्यावर तोच त्या वर्गातल्या मुलांना गाणी शिकवायचा. मराठी त्याला समजायचं, पण बोलताना तमिळमध्येच घसरायचा. बापाला अप्पा, आईला अम्मा.

पॉलिटेक्निकला असताना तो मित्रांबरोबर बिअर प्यायला. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, देव जाणे. मास्तरांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी घरात आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. रविवारी वर्गात त्या पोराला उभं केलं, ज्या चिमुरड्यांना तो गाणी शिकवायचा त्यांच्यासमोर, गळ्यात सुतळीनं रिकामी बाटली बांधून. म्हणाले, "सांग यांना, काय केलंस." पोरानं तोंड उघडलं नाही. मुलांना वाटलं खेळ आहे. एक चिमुरडी म्हणाली, "अण्णा, गाणं म्हणा ना." तमिळमध्ये दादाला अण्णा म्हणतात.

त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला.

मास्तर म्हणाले, "येईल. बापाला सांगितलंय."

वर्षं गेली. माझे गुडघे गेले, मास्तरांची नजर मंदावली. कटिंग मास्टरची नजर गेली म्हणजे सगळंच गेलं. दोघंही कारखान्यातून सुटलो. पोराचा पत्ता नव्हता. कोणी म्हणे तिरुप्पूरला आहे, कोणी म्हणे प्यायला लागलाय. वहिनी रोज दारात रांगोळीसारखी नजर टाकून ठेवायच्या. मास्तर जेवणाआधी बापाला सांगायचे, "आमचा तुझ्या हवाली." आणि मोठ्यानं आमेन. एवढं एकच मागणं होतं हो त्या घरात. पोरगं दारात यावं.

आणि ते आलं.

भर दुपारी मी वहिनींबरोबर त्यांच्या ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत बसले होते. मास्तर दारातल्या खुर्चीत. फाटकाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं. हाडांचा सापळा, दाढी वाढलेली, शर्ट दुसऱ्या कुणाचातरी. मी नाही ओळखलं. वहिनींच्या मांडीवरचा पाला सगळा खाली सांडला.

"अप्पा," तो म्हणाला.

"कोण?"

"मीच, अप्पा."

"मी म्हणजे कोण?"

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. बापाला स्वतःचं नाव सांगायची पाळी आली हो पोरावर. मी मास्तरांच्या पायांकडं बघत होते. वाटलं आता उठतील, वेष्टी सावरतील. पाय हलले नाहीत. अंगठ्यानं तेवढी चप्पल जवळ ओढली आणि ती तिथंच राहिली.

"कशाला आलास?"

"बरं नव्हतं. दवाखान्यात होतो. मग..."

"भूक लागली म्हणून आलास."

पोरानं जरा विचार केला. "हो," म्हणाला.

मास्तर माझ्याकडं वळले, जणू मी साक्षीदार. "बघा. भूक लागली म्हणून. चुकलं म्हणून नाही."

"अहो, आधी आत तर येऊ द्या त्याला!" वहिनी.

"बाहेर बरा आहे. बाहेर वारा आहे." मग मुलाला म्हणाले, "रविवारी मंडळीसमोर साक्ष दे. काय केलंस, कसं केलंस, सगळं. मग हे घर तुझंच. तोवर चर्चच्या हॉलमध्ये झोप. तेही बापाचंच घर आहे."

साक्ष म्हणजे त्यांच्यात उपासनेच्या वेळी उभं राहून सगळ्यांपुढं आपली कहाणी सांगायची, पाप कबूल करायचं, देवानं कसं वाचवलं ते सांगायचं. लोक रडतात, आमेन म्हणतात, मिठ्या मारतात. मी पाहिलंय. चांगलं वाटतं ऐकायला, खोटं कशाला बोलू?

वहिनींनी सांबारभात कालवून आणला. तो पायरीवर बसून खायला लागला, पाठ आमच्याकडं करून. भराभरा, ताटात बोटं वाजवत. मास्तर म्हणाले, "खाऊ दे, खाऊ दे. आज सांबार. पुष्ट वासरू रविवारी!" आणि आपल्याच विनोदावर हसले. घास घेता घेता त्याची पाठ थांबली, मग पुन्हा खायला लागली. भूक होती ना.

तो हॉलकडं गेल्यावर वहिनींनी तोंड उघडलं. "तुमच्या गोष्टीतला तो बाप धावला होता."

"त्या पोरानं मनात वाक्य तयार केलं होतं. आपला तयार न होताच आलाय."

"बापाला काय माहीत, तयार होतं का नाही? ते तर लांब होतं. आणि त्यानं ते वाक्य पुरं तरी होऊ दिलं का? मधेच म्हणाला, अंगरखा आणा, अंगठी आणा."

मास्तर हळूच म्हणाले, "मला त्याला आत घ्यायचंय. अर्धवट नाही घ्यायचं. स्वच्छ करून घ्यायचंय."

मी मध्ये पडले, "मास्तर, कारखान्यातली कॉलर आहे का ती?"

"तेच सांगतोय ताई. कॉलर काढल्यावर पंगतीला कोणाला बसवलं नाही, असं एक तरी नाव सांगा."

नव्हतं. एकही नाव नव्हतं.

रविवारी पहाटेपासून शेडच्या मागं बिर्याणीचा हंडा चढला. मास्तरांनी अख्ख्या मंडळीला जेवण सांगितलेलं. आम्ही बायका कांदा चिरत होतो, वहिनींचे डोळे कांद्यानं गळतायत की कशानं, कोण बघतंय! मास्तरांनी स्वतःच्या हातानं मुलासाठी पांढरा शर्ट शिवला होता, मंद नजरेनं, चाचपून चाचपून. खुशीत होते. मला म्हणाले, "आज बघा ताई, बाप कसा असतो ते."

हॉल भरला. गाणी झाली. पास्टरनी मुलाला पुढं बोलावलं. नवा शर्ट, दाढी काढलेली, हातात माइक. लाजाळूच तो. मान खाली घालून तमिळमध्ये सुरुवात केली, "मी घर सोडून गेलो होतो..."

पहिल्या रांगेतून मास्तर म्हणाले, "मोठ्यानं. मागं ऐकू येत नाही."

त्यानं मोठ्यानं पुन्हा सुरुवात केली. "मी घर सोडून गेलो होतो. माझं चुकलं..."

"चुकलं नाही. पाप केलं, म्हण."

"मी पाप केलं."

"कुठलं? नाव घे पापाचं."

मागून कोणीतरी आमेन म्हणालं. पास्टर खाकरले. "अय्या, त्याला बोलू द्या," म्हणाले. वडीलधाऱ्याला तमिळमध्ये अय्या म्हणतात. मास्तरांनी हात वर केला, म्हणजे थांबा. रागात नव्हते, विश्वास ठेवा. चेहरा प्रसन्न होता. एक शेवटचा थर नीट बसला की झालं, असा कारखान्यात असायचा तसा.

"मी प्यायला लागलो," मुलगा म्हणाला.

"पहिल्यापासून सांग. या हॉलमधून."

मुलानं वर पाहिलं. तिसऱ्या रांगेत एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर बाळ. तीच ती, "अण्णा, गाणं म्हणा" म्हणणारी. मला नंतर वहिनींनी दाखवली. तिनं मान खाली घातली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

पोरानं माइक टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला, तरी तो कर्कश किंचाळला. मग बाजूच्या दारानं खाली उतरून गेला. वहिनी उठल्या तोवर जिन्यात पावलंही वाजत नव्हती.

बिर्याणीवाल्यानं पुढची हकिगत मला सांगितली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक कोण आहे! जाता जाता पांढऱ्या शर्टातला मुलगा दिसला तर यानं धाकट्या भावाला हाक मारावी तसं विचारलं, "तंबी, वर आटोपलं का? हंड्याचा दम सोडू का?" मुलगा म्हणाला, "सोडा." आणि रस्त्याला लागला.

म्हणजे पंगतीचा हुकूम त्यानंच दिला.

आणि लोक जेवले. काय करणार, हंडा उघडलेला, वास सुटलेला, पोरंबाळं सकाळपासून उपाशी. मास्तर दारात उभे राहून म्हणत होते, "जेवा, जेवा सगळे. येईल तो. भूक लागली की येतो." कोणीतरी रायता मागितला. कोणीतरी वांग्याची भाजी पुन्हा घेतली. पुरुषमंडळींत "काळ वाईट आला" वगैरे चाललं होतं. वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. मास्तरांनी एक पान वाढून झाकून ठेवलं, वर मोठा तुकडा. संध्याकाळी ते शेडमधल्या कुत्र्यानं खाल्लं.

त्या दिवसापासून वहिनी नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, औषध हातात द्यायच्या, डोळ्यांत थेंब घालायच्या. शब्द नाही. मास्तर एकटेच बोलायचे. जेवणाआधी प्रार्थना करायचे आणि समोरून आमेन यायचं नाही. प्रार्थना किती लांबली तरी नाही यायचं. मग स्वतःच म्हणायचे, बारीक आवाजात.

एकदा मला विचारलं, "ताई, मी त्याला हाकललं का? खरं सांगा. मी तर बोलावत होतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते भेळवाले तुमचे वडील परत आले असते, तर तुम्ही त्यांना पायरीवर उभं करून कबुली घेतली असती का?"

मास्तर म्हणाले, "नाही. आधी भेळ मागितली असती."

पुढं कितीतरी महिन्यांनी वहिनींनी मौन सोडलं, तेही एवढ्यापुरतंच. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता. आईला फोन करायचा. पहिल्यापासून करत होता की नाही, ते मी विचारलं नाही. वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "पिणं सोडलंय त्यानं. दुपारी शिफ्टवरून सुटतो. तुम्ही जा. मी येणार नाही, मी आले तर तो माझ्याशी बोलेल." नजरेमुळं मास्तरांना एकट्याला जाता येईना, म्हणून मी बरोबर गेले.

कारखान्याच्या फाटकासमोर रस्त्याकडेला उभे राहिलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कंटेनरचे ट्रक जाताना धुरळा उडवत होते. मास्तरांनी रविवारचे कपडे घातले होते. भोंगा झाला आणि माणसांचा लोंढा बाहेर पडला, सगळ्यांचे शर्ट निळे, सगळ्यांच्या गळ्यात कार्ड. मास्तरांना सगळे सारखेच. प्रत्येक पुढून जाणाऱ्याला बघून विचारत होते, "हा का, ताई?"

"हा नाही."

"हा का?"

"नाही हो मास्तर, हा किती काळा आहे."

"मग हा?"

एकदोघं थबकून बघायला लागली, कोण हा म्हातारा तोंडाजवळ तोंड आणतोय. शेवटी मुलानंच आम्हाला पाहिलं. पळून जाईल असं वाटलं मला. पण आला. अंगावर मांस आलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, जेवलात?"

मास्तरांनी आवाजाच्या रोखानं हात पुढं केला. हात खांद्यावर पडला. त्यांची बोटं शिवणीवरून फिरली, सवयीनं. म्हणाले, "खांदा उतरलाय रे तुझा. माप मोठं झालंय."

"कंपनीचे आहेत. एकाच मापाचे येतात."

"पॉलिस्टर आहे. अंग भाजत असेल."

"सवय झाली."

ट्रक गेला. मास्तर म्हणाले, "माझं चुकलं." मोठ्यानं म्हणाले. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघण्याइतकं मोठ्यानं. "त्या बाटलीचंही चुकलं. साक्षीचंही चुकलं. तू काही सांगू नकोस. घरी चल."

मुलानं खांद्यावरचा हात हळूच काढला आणि खाली सोडला. झटकला नाही.

"असू दे," म्हणाला.

"येशील?"

"शिफ्ट असते."

"रविवारी?"

"रविवारी ओव्हरटाइम असतो." मग माझ्याकडं वळून, मास्तर तिथं नसल्यासारखं, "अक्का, यांना उन्हातान्हात पुन्हा आणू नका. डोळ्यांना त्रास होईल. अम्माला सांगा, मी फोन करतो."

एवढ्या वेळात एकदाही अप्पा म्हणाला नाही. मी वाट बघत होते, म्हणून मला कळलं.

स्टॉपपर्यंत मात्र आला. बस आली ती खचाखच भरलेली. त्यानं आधी मला चढवलं, मग मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना चढवलं, आत शिरून एका कॉलेजवाल्या मुलाला उठवलं आणि मास्तरांना खिडकीपाशी बसवलं. काच वर सरकवून दिली. दारात कंडक्टर ओरडत होता, "बायकांना फ्री. म्हातारबाबा कुठं उतरणार?"

"पूनमल्लीला. तिथून अंबत्तूरची बस घेतील. नीट उतरवा, दिसत नाही त्यांना."

"अप्पावा?" कंडक्टरनं विचारलं. वडील का?

"इल्लै," मुलगा म्हणाला. "तेरिंजवर."

नाही. ओळखीचे आहेत.

आणि उतरला. शिट्टी झाली. बस हलली. मी मास्तरांच्या डोक्याशी दांडा धरून उभी होते. त्यांनी ऐकलं नसेल असं मानायला मला आवडलं असतं, पण त्यांचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळून बाहेर बघत राहिले. निळे शर्ट मागं पडत गेले.

शेजारच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली. बोलकी होती माझ्यासारखीच. तिनं सगळं पाहिलं होतं, कंडक्टरचं बोलणं तेवढं गोंधळात ऐकलं नसावं. कौतुकानं म्हणाली, "किती जपून बसवलं हो, अय्या. आजकाल कोण करतं? तुमचा मुलगा ना? नाक तर तुमचंच आहे."

आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्याचं एक वाक्य चुकीचं राहू दिलं नाही, त्याला आता तिचं म्हणणं मान्य करायला काय हरकत होती? ती पुढच्या स्टॉपला उतरली असती. कोणाला कळणार होतं?

मास्तरांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"इल्लै मा," म्हणाले. "तेरिंजवर."